आईंचा चौथा हिस्सा

अमेरिका हा एक देश आहे, हे फिरायला येणाऱ्यांसाठी ठीक आहे. इथं दुसऱ्यांचे पैसे भारतात पाठवायचा धंदा काढून बघा, म्हणजे कळेल की हे पन्नास देश आहेत आणि प्रत्येकाच्या दारात वेगळा रखवालदार उभा आहे. टेक्सासचं लायसन्स मिनेसोटात चालत नाही, मिनेसोटाचं कॅलिफोर्नियात चालत नाही. एक राज्य म्हणतं हमीचा बाँड आणा, दुसरं म्हणतं आधी कंपनीचं स्वतःचं भांडवल दाखवा, तिसरं म्हणतं ते दोन्ही आणा आणि वर मालकांच्या बोटांचे ठसेही आणा. लायसन्स हातात येण्याआधी धंदा म्हणून कुणाचे थोडेसे डॉलर जरी इकडचे तिकडे केले, तरी तो सरळ गुन्हा.

मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण आमच्या कंपनीचे सगळे अर्ज मी भरले. ‘आमच्या’ हा शब्द मी सवयीनं लिहिला. कंपनी नवऱ्याची आणि त्याच्या कॉलेजातल्या दोन मित्रांची. एक मित्र कॅलिफोर्नियात सांता क्लाराला, दुसरा मिनेसोटात ईडन प्रेरीला आणि आम्ही टेक्सासमध्ये प्लेनोत. मी एका बँकेच्या कंप्लायन्स खात्यात आहे, म्हणजे बँक नियम पाळते आहे की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. तेच काम संध्याकाळी डायनिंग टेबलावर बसून मी नवऱ्यासाठी फुकट करत होते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

तरी एक सांगते, हे नियम मला मूर्खपणाचे वाटत नाहीत. बँकेत मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांनी गावी पाठवायला म्हणून कुठल्या तरी दुकानात पैसे दिले आणि काही दिवसांनी त्या दुकानाला कुलूप होतं. हॉटेलात भांडी घासून मिळवलेले पैसे होते ते. दुसऱ्याच्या घामाला हात लावणाऱ्याची सरकारनं आधी झडती घ्यावी, यात चूक काही नाही. माझं दुखणं एवढंच की झडती माझ्या सासूबाईंची झाली.

झालं असं. कंपनी रजिस्टर करताना नवऱ्यानं चार समान भाग केले. तीन तिघांचे आणि चौथा त्याच्या आईच्या नावावर. आमच्या घरातून पैसे जास्त गेले होते, त्यामुळे मित्रांनी हरकत घेतली नाही. मला हे कळलं ते अर्जात मालकांची नावं भरायला बसले तेव्हा.

“आणि मी?” मी विचारलं.

“अगं, माझं ते तुझंच ना.”

हे वाक्य लग्न झालेल्या प्रत्येक बाईनं ऐकलेलं असतं, आणि ते दाखवून कुठलीही बँक कर्ज देत नाही. मी म्हटलं, “मग तुझं ते आईंचं पण आहेच की. त्यांनाच वेगळं काढून कशाला?”

त्यानं लॅपटॉप मिटला आणि मला अंड्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं संसार केला आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

नागपूरच्या बाहेर त्यांच्या वस्तीत आई विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, शेजारी विडीच्या कमरेला बांधायच्या दोऱ्याची रिळं. ठेकेदारानं आठवड्याची मजुरी दिली की त्या दिवशी घरात अंडं उकडायचं. एकच. सुरीनं कापलं तर पिवळं चुरून वाया जातं, म्हणून विडीच्या दोऱ्यानं त्याचे चार भाग व्हायचे. एक बाबांचा, एक बहिणीचा, एक याचा, एक आईंचा. मग आई आपला भाग उचलून याच्या ताटात टाकायच्या आणि म्हणायच्या, “मले वास येते त्याचा.” पुढं हा इंजिनीअरिंगला औरंगाबादच्या हॉस्टेलवर राहायला गेला. आई एकदा भेटायला आल्या. मेसमध्ये त्या दिवशी अंडाकरी होती. आईंनी दोन वाट्या खाल्ल्या, बोटं चाटूनपुसून खाल्ल्या. हा समोर बसून बघत होता.

“तिचा चौथा हिस्सा मी कायम खाल्ला, यार,” नवरा म्हणाला. “आता एकदा तरी तो तिच्या नावावर राहू दे.”

मी आईंचं नाव मालकांच्या यादीत भरलं. पण माझा राग काही गेला नाही. पोटात कणव आणि राग दोन्ही एकत्र राहू शकतात, जागा पुरते.

अडचण पुढंच होती. कायदा म्हणतो, ज्याच्याकडे कंपनीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त आहे, त्याचा कंपनीवर ताबा आहे असं धरायचं. मग त्याचे ठसे हवेत, त्याच्या मागच्या दहा वर्षांचा हिशेब हवा, आणि तो अमेरिकेबाहेर राहिला असेल तर तिथं माणूस पाठवून केलेली चौकशी हवी. हिस्सा चौथ्याहून केसभर जरी कमी असला, तरी तो नुसता पैसे गुंतवणारा. त्याला कोणी हाकही मारत नाही. नवऱ्यानं भाग केले ते अंड्याचे म्हणून केले, आणि कायद्याची रेघ नेमकी तिथूनच गेलेली.

वकीलबाईंनी फोनवर एका वाक्यात उपाय सांगितला. आईंचा हिस्सा एक टक्का कमी करा, सगळं मिटेल.

“नाही,” नवरा म्हणाला. “चौथा म्हणजे चौथा. आणि हे मायला सांगायचं नाही. सांगितलंस तर ती सगळंच सोडून देईल.”

संत्री सोडली तर नागपुरात मऊ काही पिकत नाही, असं मी पिंपरीची असल्यामुळे मोकळेपणानं म्हणू शकते. मी अर्ज भरत राहिले.

त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून टाकलं. माझ्याकडे चांगल्या सुऱ्यांचा अख्खा सेट आहे. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. शनिवारी सकाळी मी सहा अंडी उकडायचे, आई दोरा ताणून धरायच्या आणि एकेका अंड्याचे चार-चार भाग करायच्या. फ्रिजमध्ये अजून खोकंभर अंडी पडलेली असायची. तरी आपल्या ताटातला भाग उचलून लेकाच्या ताटात. “मले वास येते.” आणि नवरा, ज्याला आता डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे, तो मुकाट्यानं खायचा.

ठसे द्यायचं ठिकाण हायवेच्या कडेच्या दुकानांच्या रांगेत होतं. एका बाजूला नखं रंगवण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिझ्झा. आत मशीनवर बसलेली बाई मोठी मायाळू होती. तिनं आईंचा हात हातात घेतला, एकेक बोट काचेवर ठेवलं, दाबलं, फिरवलं. पडद्यावर नुसते राखाडी डाग उमटत होते. तिनं बोटांना लोशन लावलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा डाग.

“काय काम करायच्या या?” तिनं मला इंग्लिशमध्ये विचारलं.

आईंना प्रश्न कळला होता. “सांग तिले, विड्या वळत होती मी.”

मी सांगितलं की त्या हातानं सिगारेटी बनवायच्या.

“सिगारेट काऊन म्हणली?” आईंनी लगेच पकडलं. तेवढं इंग्लिश त्यांना येतं. “विडी सांग. सिगारेट कारखान्यात बनते.”

त्या बाईनं हसून मान हलवली. म्हणाली, मिस्त्रीकाम करणाऱ्यांचं असं होतं, भांडी घासणाऱ्यांचं होतं, काळजी करू नका, पाठवून बघू. शेजारच्या दुकानातून लांबलचक लाल नखांची एक मुलगी हात हवेत धरून बाहेर पडली. आईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग आपल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “तुये आले का?”

माझेही ठसे त्याच दिवशी घेतले होते, कारण नियम पाळण्याची जबाबदारी कोणाची, या चौकटीत नवऱ्यानं माझं नाव टाकलं होतं. मालकांच्या चौकटीत नाही, जबाबदारीच्या चौकटीत. माझे ठसे पहिल्या फटक्यात स्वच्छ आले. माझ्या बोटांनी जन्मात टायपिंगशिवाय काय केलं आहे?

“आले,” मी म्हटलं.

“मंग बरं,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

ठसे काही दिवसांनी परत आले. वाचता येत नाहीत. पुन्हा द्यायचे होते, त्यामुळे आईंनी स्वतःवर उपचार सुरू केले. भांडी घासायची बंद. झोपताना हाताला खोबरेल, वर नवऱ्याचे जुने मोजे. सकाळी मोजे काढून त्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या आणि अंगठा उजेडात धरून रेषा उगवल्या का बघायच्या. मला आधी हसू यायचं, नंतर बघवेना. ज्या हातांनी एक मुलगा अमेरिकेपर्यंत पोचवला, त्या हातांची त्यांना आमच्या घरात येऊन लाज वाटायला लागली होती. आणि ती लाज आणणारा कागद रोज संध्याकाळी मी उघडत होते.

दुसरा भाग होता मागच्या दहा वर्षांच्या कामाचा. मध्ये एक महिनाही मोकळा सोडायचा नाही. नोकरी, स्वतःचा धंदा, बेकार किंवा निवृत्त, यातलं एक निवडायचं. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. मी विचारलं, “आई, विड्यांचं काम कधी सोडलंत?”

त्यांनी आधी आत बघितलं, नवरा मीटिंगमध्ये आहे ना ते. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “सोडलं कोठी? याले सांगू नको. इकडं यायच्या आदल्या दिवसापरेंत वळत होती.”

नवऱ्यानं पहिला पगार मिळाल्याबरोबर त्यांना ते काम बंद करायला लावलं होतं. निदान तसं त्याला वाटत होतं.

“पण का?”

“हात रिकामा रायला का मले बरं नाई वाटत.”

मी ‘स्वतःचा धंदा’ निवडलं. मग पुढचा प्रश्न होता, या व्यक्तीला पैसे पाठवण्याच्या व्यवसायाचा काही अनुभव आहे का. मी ‘नाही’वर टिक करणारच होते, तरी त्यांना गंमत म्हणून वाचून दाखवलं.

“हाये ना,” आई म्हणाल्या. “चार वर्ष पाठवले. औरंगाबादले मनीऑर्डर. पोष्टातला बाबू फारम भरून द्यायचा आन् खाली दोन ओळी लिवायची जागा रायते ना, तिथं मी सांगो, लिव, बरा राह्य. दर डाव तेच. तो बाबू म्हणे, बाई, आज दुसरं काई सांग. म्या म्हटलं, दुसरं काय रायते सांगाले?”

पैसे पाठवण्याच्या धंद्यात आम्ही तीन इंजिनीअर आणि एक कंप्लायन्सवाली, आणि घरात खरा अनुभव फक्त त्यांना होता. अर्जात मी ‘नाही’च टिक केलं, कारण मनीऑर्डर करणं हा सरकारच्या लेखी अनुभव नाही. टिक करताना मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळचे ठसेही परत आले. वकीलबाई म्हणाल्या, घाबरू नका, दोनदा नाकारले गेले की नावावरून तपासणी करायची सोय आहे. तो मार्ग निघाला. उरली होती भारतातली चौकशी. ती एक खासगी एजन्सी करणार होती आणि त्यांचा माणूस कधी, कुठं जाईल हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदी बघतील आणि कागद पाठवतील.

एका शनिवारी सकाळी आईंच्या फोनवर वस्तीतल्या मावशींचा व्हिडिओ कॉल आला. आईंच्या दाराला दार लागून त्यांचं घर. नेहमी त्या आधी जेवलीस का विचारतात. त्या दिवशी थेट म्हणाल्या, “अवं, असं काय केलं वं तू तिकडं जाऊन?”

आईंना काही कळेना. मावशी सांगायला लागल्या. बूट घातलेला एक माणूस आला होता, हातात फाईल. आईंचं नाव घेऊन घरोघरी विचारत होता. यांच्यावर पोलीस केस आहे का, कोर्टकचेरी आहे का, कुणाचे पैसे बुडवले आहेत का, दारूचा वगैरे धंदा होता का. मावशींनी त्याला चांगलंच सुनावलं. सांगितलं की बाईनं कुणाची उधारी ठेवली नाही, उलट लोकांनीच तिची ठेवली, आणि भांडण केलं ते नळावर एकदा, तेही माझ्याशीच, आणि त्यात चूक माझी होती. नळाचं भांडणही त्यानं लिहून घेतलं म्हणे.

मावशी हसत होत्या. मलाही हसू आलं. आईंचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी फोन ठेवला. नवरा समजावायला लागला, माय, ही फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांची होते, माझी पण झाली.

“तुई इथं झाली,” आई म्हणाल्या. “कॉम्प्युटरवर. माह्या दारात माणूस गेला. आपल्या वस्तीत पोलीस सोडून चौकशीले कोन येते? माहा जलम गेला रे तिथं. आता लोक काय म्हणतीन, लेकाकडं गेली आन् काईतरी करून बसली.” मग शांतपणे म्हणाल्या, “माहं नाव काढून टाक.”

“नाही काढणार.”

“काढ म्हटलं ना.”

“तुझा हिस्सा आहे तो, माय.”

“मले नको. मले वास येते त्याचा.”

नवऱ्याला ते वाक्य असं लागलं की तो उठून बॅकयार्डमध्ये गेला आणि उन्हात नुसता उभा राहिला. जुलैतलं टेक्सासचं ऊन म्हणजे शत्रूलाही उभं करू नये असं. मी काचेतून त्याला बघत होते आणि इकडे आई ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या. मला दोघांचीही दया आली आणि दोघांचाही संताप आला. एक जण देऊन देऊन थकत नाही, दुसरी घ्यायला तयार नाही, आणि मधल्यामध्ये कागद मी भरायचे. मी दार उघडून नवऱ्याला आत बोलावलं. म्हटलं, “उन्हात मरू नकोस. अंडी झालीत, बस.”

तिघं बसलो. आईंनी खिळ्यावरचं रीळ काढलं, दोरा तोडला. आणि मी नवऱ्याकडे न बघता बोलून टाकलं.

“आई, नाव काढायची गरज नाही. नियम एवढाच आहे की पुरता चौथा हिस्सा असेल तर चौकशी. चौथ्याहून थोडासा कमी केला तर ना ठसे, ना चौकशी, काही नाही. नाव तुमचं तसंच राहील.”

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की इतर वेळी मी भांडलेच असते.

आईंनी दोरा हातातच धरला. “थोडासा म्हंजे किती?”

“एक टक्का.”

टक्का हा शब्द त्यांनी बाजूला सारला. समोरच्या अंड्याचे त्यांनी चार भाग केले, सावकाश, पिवळ्याचा एक कण न सांडता. त्यातला एक भाग आपल्याकडे ओढला. “हा माहा. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हटलं.

“एवढ्यासाठी मायलेकराचं भांडन... मायबाप्पा.” त्यांनी त्या चौथ्या भागावर दोरा ठेवला, ओढला आणि त्याचे दोन केले. अर्धा स्वतःच्या ताटात ठेवला. उरलेला अर्धा त्यांनी उचलला. नवऱ्यानं सवयीनं ताट जरा पुढं केलं, मी पाहिलं. आईंचा हात त्याच्या ताटावरून पुढं आला आणि तो तुकडा त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

“हे तुयं. कागदावर पण असंच लिव.”

“माय, अगं पण तो तुझा—” नवरा म्हणाला.

“माहा हाये ना? मंग माहं मी कोनाले बी देईन. रोज संध्याकायी लिवत बसते ती. तिचं नाव कोठी हाये कागदात? म्या पाह्यलं, मले वाचता येत नाई तरी तिचं नाव मले वयखू येते.”

इतक्या महिन्यांत मी ती तक्रार आईंपाशी एकदाही केली नव्हती. केली होती ती फक्त नवऱ्याकडे, आणि ती त्याच्या कानावरून वाहून गेली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी आईंनी मिठाची डबी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, “खाय. थंड होते.”

सोमवारी मी वकीलबाईंना कागद बदलायला सांगितले. त्यांनी कळवलं की हिस्सा हस्तांतर केला तर मोबदला काय दिला ते लिहावं लागेल. मी लिहिलं, काही नाही, भेट. अर्जातून आईंचे ठसे गेले, चौकशी गेली, नळावरचं भांडण गेलं. मालकांच्या यादीत मात्र त्यांचं नाव राहिलं आणि त्याखाली माझं आलं, दोघींचा हिस्सा सारखा. नवऱ्यानं सही करताना तोंड जरा वाकडं केलं. मग म्हणाला, “सॉरी यार, हे मला आधीच सुचायला हवं होतं.” मी म्हटलं, हो, हवंच होतं. माफ लगेच केलं नाही, एक आठवडा घेतला.

टेक्सासचं लायसन्स आलं तेव्हा आई नागपूरला परत गेल्या होत्या. पहिले पैसे नवऱ्यानं त्यांनाच पाठवले. निरोप लिहायच्या जागेत त्यानं दोन शब्द लिहिले, बरी राहा. ते लिहिताना तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. मनीऑर्डरीची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. सांगायची गरजच नव्हती, दर महिन्याला ते दोन शब्द यालाच तर येत होते.

दुसऱ्या दिवशी आईंचा फोन आला. नवऱ्यानं स्पीकरवर टाकला.

“आले तुये पैसे,” त्या म्हणाल्या. “म्या अंडे आनले. तो बुटावाला ज्याच्या ज्याच्या घरी गेलता ना, त्या सगळ्यायले बलावलं. सांगतलं का लेकाच्या कंपनीत माहा हिस्सा हाये, मनून आलता तो. आता कोनी काई म्हनत नाई.”

“किती भाग केलेस मग?” नवरा हसत म्हणाला.

“भाग कायले? सगळ्यायले अख्खं अख्खं देल्लं.”

मग त्यानं विचारलं, “आणि तू?”

पलीकडे मावशी काहीतरी बोलल्या, कुणीतरी हसलं, भांडं वाजलं.

“मी?” आई म्हणाल्या. “मी दोन खाल्ले.”

नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला आणि गाडी पुसायला म्हणून बाहेर गेला. गाडी आदल्याच दिवशी धुतली होती.